मुतखडा दुसऱ्यांदा झाला. तिसरा होऊ नये म्हणून काय खाता-पिता? (नागपूरचा उन्हाळा धरून सांगा)

खसगंध | १४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. अकरा वर्षांपासून नागपुरात कूलर आणि एसी दुरुस्तीचं काम करतो. मार्च ते जून आमचा सीझन. दिवसाला आठ-दहा गच्च्या चढाव्या लागतात.

पहिला मुतखडा तीन वर्षांपूर्वी झाला, ४ मिमीचा. पाणी आणि गोळ्यांवर पडून गेला. दुसरा यंदा होळीच्या आठवड्यात, ७ मिमी, उजव्या मूत्रनलिकेत अडकलेला. रात्री दोनला कंबरेतून कळ निघाली ती थेट जांघेत उतरली. बसवेना, उभं राहवेना, बायको विचारत होती तरी धड उत्तर देता येईना. दुर्बिणीने काढावा लागला, वर स्टेंट, म्हणजे मूत्रनलिकेत ठेवलेली नळी. तो स्टेंट निघेपर्यंतचे तीन आठवडे मी गच्चीवर चढू शकलो नाही. भर सीझनमध्ये तीन आठवडे घरी बसणं म्हणजे काय ते हातावर पोट असणाऱ्यालाच कळेल.

दोन खड्यांच्या मधल्या काळात काय केलं ते सांगतो. पहिल्या वेळी ज्याला त्याला एकच माहीत होतं, खडा कॅल्शियमचा असतो, तेव्हा दूध-दही बंद. मी बंद केलं. तीन वर्षं मठ्ठासुद्धा तोंडाला लावला नाही. टोमॅटोच्या बिया काढून भाजी खाल्ली. पालकाची डाळभाजी मात्र आठवड्यातून तीन-चारदा, पौष्टिक म्हणून. घामातून मीठ जातं म्हणून सीझनमध्ये रोज दोन-तीन ओआरएसची पाकिटं. थकवा येतो म्हणून व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची, पाण्यात फसफसणारी गोळी रोज एक. पाणी चार लिटर, मोजून. तरी ७ मिमी.

या वेळी डॉक्टरांनी खडा तपासायला पाठवला. कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. मग २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितली. लॅबवाल्याने पाच लिटरचा पांढरा कॅन दिला. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्यायची, त्यानंतरची दिवसभराची, रात्रीची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली अशी सगळी कॅनमध्ये. मी मुद्दाम कामाच्या दिवशी केलं. घरी पंख्याखाली बसून केलं असतं तर तो आकडा माझा नसता. कॅन कापडी पिशवीत घालून गाडीला अडकवला आणि मनीषनगर ते जरीपटका सगळीकडे सोबत नेला. लोक काय म्हणतील याची लाज पहिल्या दोन घरांपर्यंतच वाटली. पाणी किती प्यायलो तेही बिलबुकाच्या मागे लिहीत गेलो, ४ लिटर २०० मिली झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन खिडकीत उजेडासमोर धरला. बाहेरच्या खुणा वाचल्या. १ लिटरच्या रेघेच्या जेमतेम वर. १,०५० मिली. रंग बिनदुधाच्या कडक चहाचा.

तीन लिटरच्या वर पाणी कुठे गेलं ते संध्याकाळी शर्ट काढल्यावर दिसलं. पाठीवर पांढऱ्या रेघा वाळल्या होत्या.

आमच्या धंद्यात हे रोज बघतो. कूलरच्या टाकीतलं पाणी पंप वर चढवतो, हवा ते उडवून नेते, क्षार मागे राहतो. ज्याच्या घरी आठवड्याला टाकी रिकामी करून धुतात त्याची खस टिकते. जो वरून नुसतं पाणी ओतत राहतो त्याच्या खसवर आणि पंपाच्या जाळीवर खार चढतो, तो चाकूने खरवडावा लागतो. टाकीत किती टाकलं ते सोडा, बुचातून किती काढलं ते सांगा, हे मी गिऱ्हाइकांना अकरा वर्षं सांगतोय. स्वतःच्या बाबतीत मात्र टाकलेलंच मोजत बसलो होतो.

रिपोर्टमध्ये सोडियम वर, ऑक्झलेट वर, खडा जमू न देणारं सायट्रेट खाली. डॉक्टर म्हणाले, लघवी दिवसाला अडीच लिटर झाली पाहिजे. ज्यांना हा त्रास होऊन गेलाय आणि परत झाला नाही, त्यांनी काय केलं ते सविस्तर लिहा. उद्यापासून काय करू?

नंदाकाकू | १४ मे, रात्री ११:१५

बेटा, तू पहिले कुळथी सुरू कर. आमच्या ह्यायले दोनदा खडा झाला होता. मूठभर कुळथी रात्री भिजवून ठेवजो, सकाळी तांब्याभर पाण्यात उकळून ते पाणी गाळून पेजो. केळीच्या गाभ्याचा रस भी चालते. दोन्ही खेपेला पडला, ऑपरेशन नाही लागलं. आता सत्तर वर्षाचे आहेत, ठणठणीत.

बर्डीवरचा | १४ मे, रात्री ११:३२

+१ कुळथी. आणि पानफुटीची दोन पानं रोज सकाळी अनशापोटी.

औषधी_खिडकी | १५ मे, सकाळी ७:०५

मी फार्मासिस्ट आहे, वीस वर्षं काउंटरवर. काकू, तुमच्या घरी जे झालं ते खोटं नाही. ५ मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, आणि कुळथीच्या निमित्ताने माणूस तांब्याभर पाणी जास्तीचं पितो, ते चांगलंच आहे. पण कुळथीने खडा विरघळतो याला भक्कम पुरावा नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा एकदा बनला की आजच्या घडीला कोणत्याही औषधाने विरघळत नाही, पडतो किंवा काढावा लागतो. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, तोही डॉक्टरांनी सायट्रेट देऊन लघवीची आम्लता उतरवली तर. म्हणून खसगंधभाऊंनी खडा तपासून घेतला हे सगळ्यात बरं केलं. खडा पडणार असेल तर लघवी चहाच्या गाळणीतून गाळा आणि सापडलेला कण कोरड्या डबीत ठेवून लॅबला द्या. फेकून देऊ नका.

एक गोष्ट आधी सांगतो, बाकी चर्चा नंतर. खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी पूर्ण थांबली, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री मेडिकल, मेयो, एम्स, जे मोठं रुग्णालय जवळ असेल तिथे जायचं. अडकलेल्या खड्यामागे जंतुसंसर्ग झाला तर तो तासातासाने रक्तात पसरतो. माझ्या मेहुण्याने काढ्यावर दोन दिवस काढले. वाचला, पण आठ दिवस आयसीयूत होता.

ताकमेतकूट | १५ मे, दुपारी १:२०

मी आहारतज्ज्ञ आहे, नागपुरातच काम करते. खसगंधभाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही तीन वर्षं मनापासून पथ्य पाळलंत, पण ते नेमकं उलटं होतं. यात दोष तुमचा नाही. हा सल्ला अजून दवाखान्यांतही दिला जातो म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऑक्झलेट पालेभाज्यांतून, सुक्यामेव्यातून येतं. कॅल्शियम दुधा-दह्यातून येतं. दोघांची गाठ आतड्यात पडली तर त्यांचं जे संयुग बनतं ते रक्तात शोषलं जात नाही, शौचावाटे निघून जातं. तुम्ही दही बंद केलंत आणि पालक चालू ठेवलात. म्हणजे ऑक्झलेटला आतड्यात अडवणारं कुणी उरलं नाही. ते रक्तात गेलं, किडनीत उतरलं आणि तिथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडली. तुमच्या रिपोर्टमध्ये ऑक्झलेट वर असण्याचं हे एक कारण असणार. दुसरं कारण तुमची फसफसणारी गोळी, त्याबद्दल फार्मासिस्टदादा लिहितीलच.

इटलीत यावर एक अभ्यास झाला होता, २००२ साली प्रसिद्ध झाला. वारंवार कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे होणारे १२० पुरुष घेतले, पाच वर्षं. ६० जणांना कॅल्शियम कमी केलेला आहार, दिवसाला सुमारे ४०० मिलिग्रॅम. बाकी ६० जणांना कॅल्शियम नेहमीसारखं, सुमारे १,२०० मिलिग्रॅम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना परत खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. दुसऱ्या गटाला मीठ-मांसाचाही फायदा मिळाला हे धरूनच चला, सगळं श्रेय दुधाला देऊ नका. पण दूध बंद करून कुणाचं भलं झालं नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

मग जेवायचं कसं? दोन्ही जेवणांत दही किंवा ताक हवंच, आणि जेवणासोबतच हवं. रात्री झोपताना एकदम ग्लासभर दूध घेतलं तर जेवणातल्या ऑक्झलेटशी त्याची भेटच होत नाही. पालक सगळ्यांच्या वरचा, तो तुमच्या बाबतीत बंदच करा. चवळई, आंबट चुका, घोळ, अळू, बीट हे क्वचित, आणि करायचेच तर भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, सोबत दही. (अळू घशाला खाजतो तो त्यातल्या ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळेच.) काजू-बदाम मुठीने नाही. मेथी, कोबी, फुलकोबी, दोडके, दुधी, काकडी निर्धास्त खा. आणि टोमॅटोच्या बिया काढणं थांबवा हो, टोमॅटोत ऑक्झलेट कमीच असतं.

मिठाचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. किडनी जादा सोडियम बाहेर टाकते तेव्हा त्याच्यासोबत कॅल्शियमही लघवीत ओढलं जातं. लोक दुधाला घाबरतात आणि लोणचं, पापड, फरसाण, तर्रीवरचा चिवडा याकडे बघतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात भाजी-वरण-लोणचं सगळं आलं. तुमच्या ओआरएसच्या एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय सोडियम सायट्रेट वेगळं. तीन पाकिटं म्हणजे जेवणाआधीच हिशोब संपला. पण तुम्ही गच्चीवर घाम गाळणारे आहात, एकदम सगळं बंद करून गोळे आले, चक्कर आली तर तेही वाईट. एक पाकीट, जास्त उन्हाच्या दिवशी, आणि सोडियमचा आकडा डॉक्टरांना दाखवून ठरवा. जो माणूस दिवसभर एसीत बसून आवडीने ओआरएस पितो त्याला त्याची काही गरज नाही.

सावजी, म्हणजे आपलं नागपुरी झणझणीत मटण-चिकन. हे विचारलं जाणारच म्हणून आधीच सांगते. मटण-चिकनने लघवी आम्लधर्मी होते, सायट्रेट घटतं, युरिक ॲसिड वाढतं. महिन्यातून एक-दोनदा जा, रस्सा वाटीभरच घ्या, त्या दिवशी पाणी थोडं जास्त ठेवा. आठवड्यातून तीनदा जाणार असाल तर बाकीचं पथ्य पाळून काही उपयोग नाही.

हिंगणा_शिफ्ट | १५ मे, सायंकाळी ६:५०

खसगंध दादा, तुमचं कूलरचं उदाहरण वाचून धसकाच बसला. आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. नळाच्या तोट्यांवर पांढरा थर, डाळ शिजत नाही धड. मग हेच पाणी पिऊन आमच्या किडनीत भी खार चढून राहिला का? आरओ घेऊ का? वस्तीत सगळे म्हणतात बोअरच्या पाण्यानेच खडे होऊन राहिले.

खसगंध | १५ मे, रात्री ९:३०

@हिंगणा_शिफ्ट, मलाही तेच वाटायचं, पण मी स्वतः नळाचं पाणी पितो, पेंच धरणाचं, आणि तरी दोनदा झाला. जाणकार सांगतील.

ताकमेतकूट | १५ मे, रात्री १०:१०

कूलरचं उदाहरण पाणी आटण्यापुरतं अगदी बरोबर आहे, पदार्थापुरतं नाही. तोटीवरचा खार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि त्यात कमतरता कॅल्शियमची कधीच नसते, ते लघवीत असतंच. जड पाण्यातलं कॅल्शियमसुद्धा जेवणासोबत घेतलं तर आतड्यात ऑक्झलेटला अडवतं. त्यामुळे पाणी जड आहे म्हणून कमी पिणं हा सगळ्यात मोठा तोटा. आरओ चव किंवा दुसऱ्या कारणाने घ्यायचा तर घ्या, खड्याच्या भीतीने कर्ज काढून घेऊ नका. तुम्ही हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टला असाल आणि भट्टीजवळ काम असेल तर लघवीचा रंग बघा, ते जास्त महत्त्वाचं.

एसटीची_खिडकी | १६ मे, पहाटे ५:४५

सगळे प्रतिसाद वाचले. सगळे म्हणताहेत पाणी प्या. मी शिक्षिका आहे, नागपूरहून तालुक्याच्या पलीकडच्या गावात रोज जाणं-येणं, जाताना दीड तास, येताना दीड तास. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा. स्टँडवरचं स्वच्छतागृह वापरण्याच्या लायकीचं नसतं. शाळेत आम्हा तीन बायकांसाठी एक संडास आहे, त्याच्या दाराला कडी नाही, एकीने आत जायचं तर दुसरीने बाहेर उभं राहायचं. तासाला वर्ग सोडून दोघींना जाता येत नाही. म्हणून आम्ही तिघीही दुपारी चारपर्यंत पाणी पीतच नाही. ठरवून. दोन घोट, घसा ओला करण्यापुरते.

मला मागच्या वर्षी दोन्ही किडन्यांत छोटे खडे निघाले. सोबतच्या एकीला सतत लघवीला जळजळ. डॉक्टरांनी मलाही 'पाणी प्या मॅडम' सांगितलं. मी मान हलवली आणि घरी आले.

नंदाकाकू | १६ मे, सकाळी ८:१०

पोरी, आम्ही शेतात जात होतो तेव्हा आम्ही भी असंच करत होतो. हे बोलतच नाही ना कोणी. बरं झालं तू लिहिलं.

औषधी_खिडकी | १६ मे, सकाळी ८:५५

ताई, तुमचं वाचून मी दुकान उघडायच्या आधी दहा मिनिटं नुसता बसलो. माझ्या काउंटरवर लघवीच्या जळजळीचं औषध मागणाऱ्या निम्म्या बायका अप-डाऊनवाल्या असतात. वारंवार संसर्ग होत राहिला तर त्याचेही वेगळ्या प्रकारचे खडे होतात, आणि ते भराभर वाढतात. तुमच्या सहकारी बाईंना लघवीची कल्चर तपासणी (कोणते जंतू आहेत ते बघणारी) करायला नक्की सांगा. दर वेळी तीन दिवसांची गोळी घेऊन भागवू नका.

ताकमेतकूट | १६ मे, सकाळी १०:३०

ताई, कडीचं काम कडीनेच होईल, त्याला आहारात उत्तर नाही. तोवर एवढं करून बघा. घरी पोचल्यापासून झोपेपर्यंत एक ते सव्वा लिटर, झोपताना एक ग्लास. त्यासाठी रात्री एकदा उठावं लागलं तर लागू द्या. लघवी रात्रीच सगळ्यात दाट होते, म्हणून तो ग्लास वाया जात नाही. उठल्याबरोबर दोन ग्लास, निघण्याच्या दीड तास आधी, म्हणजे घरीच जाऊन येता येईल. डब्यात काकडी, टरबूज, दहीभात. हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. शाळा उघडली की कडीसाठी पाठपुरावा करा, लेखी द्या.

मृगबहार | १६ मे, रात्री ९:००

काटोलकडचा संत्रा बागायतदार. सायट्रेट खाली आहे म्हणता, मग संत्र्याचं काय? आम्ही लहानपणापासून ऐकतो की आंबट खाल्लं की खडा होतो. आमच्याकडे मृग बहाराची फळं फेब्रुवारी-मार्चात घरोघरी पडलेली असतात आणि खडेवाले हात लावत नाहीत.

ताकमेतकूट | १६ मे, रात्री ९:४०

दादा, हा प्रश्न नागपूरच्या धाग्यावर यायलाच हवा होता! आंबट आणि खडा यांचा सरसकट संबंध नाही. आंबट चुक्यात ऑक्झलेट असतं, तो टाळायचा. लिंबू, संत्रा, मोसंबी यांचा आंबटपणा सायट्रिक ॲसिडचा. सायट्रेट लघवीत कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक जमू देत नाही. संत्र्यात सायट्रेटसोबत पोटॅशियमही असतं, त्यामुळे लघवीची आम्लताही उतरते. एका लहान अभ्यासात संत्र्याचा रस या कामी लिंबूपाण्यापेक्षा सरस ठरला होता. अभ्यास लहान होता, तरी खडेवाल्यांनी संत्रं टाळावं असं त्यात काहीच नव्हतं. रोज दोन संत्री, हंगाम आहे तोवर, फोडी करून खा. बाटलीतला साखर घातलेला रस नको, साखरेने आणि कोलासारख्या पेयांनी धोका वाढतो.

उन्हाळ्यात संत्री संपली की लिंबू. अर्धा कप लिंबाचा रस दोन लिटर पाण्यात, दिवसभरात संपवायचा. साखर नाहीच, मीठ नाही, काळं मीठ तर मुळीच नाही. चार दिवस बेचव लागतं, पाचव्या दिवशी सवय होते. दात आंबत असतील तर वरून साधी चूळ भरा.

तर्री_पोहे | १७ मे, दुपारी १२:१५

बाबांना शुगर आहे आणि क्रिएटिनिनही वाढलेलं आहे, म्हणजे किडनी कमजोर. त्यांना पण लिंबूपाणी, नारळपाणी सुरू करू का? घरातले सगळे नारळपाणी दे म्हणतात.

औषधी_खिडकी | १७ मे, दुपारी १:४०

नको! किडनीच्या डॉक्टरांना (नेफ्रॉलॉजिस्ट) विचारल्याशिवाय अजिबात नको. किडनी कमजोर असेल तर नारळपाण्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हृदय कमजोर असणाऱ्यांना तर पाण्याचीही मर्यादा असते. या धाग्यावरचं 'भरपूर प्या' हे किडनी आणि हृदय चांगलं असणाऱ्यांसाठीच आहे, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

आता गोळ्यांबद्दल लिहितो, कारण माझ्याच काउंटरवरून त्या जातात.

व्हिटॅमिन सी. शरीर त्यातला काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलतं. स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्यांचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट दिसलं. फळांतून मिळणाऱ्या सीला ते लागू नाही. कोरोनाच्या वेळी लोकांनी ५०० आणि १००० च्या गोळ्या सुरू केल्या आणि कितीतरी जणांनी त्या थांबवल्याच नाहीत. खसगंधभाऊ, ती गोळी आजच बंद करा.

कॅल्शियमची गोळी. बायकांना हाडांसाठी दिलेली असते, ती मनाने बंद करू नका. फक्त अनशापोटी किंवा झोपताना न घेता जेवता जेवता घ्या, आणि खड्याचा इतिहास लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी. आठवड्याला एक, ठरावीक आठवडे, अशी ती लिहून दिलेली असते. लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्ष-वर्ष नेतात. मी अलीकडे देत नाही, भांडण झालं तरी.

हळदीच्या कॅप्सूल. फोडणीतली चिमूटभर हळद ठीक, पण हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं आणि कॅप्सूलमधून रोज ग्रॅमने पोटात जातं. खडेवाल्यांनी टाळावं. जिमची प्रोटीन पावडर घेणाऱ्या पोरांनी मांसाहाराबद्दल ताईंनी लिहिलंय ते स्वतःला लागू करावं.

पोटॅशियम सायट्रेटचं सिरप हे खरं औषध आहे, सायट्रेट कमी असणाऱ्यांना उपयोगी पडतं. पण औषध म्हणजे औषध, रक्तातलं पोटॅशियम बघून डॉक्टर देतात. शेजाऱ्याची बाटली आणून पिऊ नका. आणि 'खडा चूर' वगैरे लिहिलेल्या, घटक न छापलेल्या पुड्या जत्रेतून आणू नका, एवढंच हात जोडून सांगतो.

खसगंध | १७ मे, रात्री ११:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी बंद केली. आज तीन वर्षांनी जेवताना मठ्ठा घेतला. आईने वाटीत ओतला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण दूध बंद करायला तिनेच आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, आई, तुला तरी कोणी सांगितलं होतं?

पाण्याचं असं ठरवलंय: दोन लिटरचा थर्मास गाडीला, प्रत्येक घरी काम संपलं की बिल लिहायच्या आधी अर्धा लिटर. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, २५ तारखेपासून आहे, त्या नऊ दिवसांत दुपारी बारा ते चार गच्चीवर चढणार नाही. सकाळी साडेसहाला सुरू करीन. गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं, दोघं सोडून कोणी नाही म्हटलं नाही.

हिंगणा_शिफ्ट | १८ मे, सकाळी ६:१५

दादा, मी भी उद्या कॅन आणतो. आमच्या लाइनवर चार जणांना खडा होऊन गेला आहे. चौघांना दाखवला हा धागा.

खसगंध | ९ जून, रात्री १०:२०

दुसरा कॅन झाला. परवा कामाचाच दिवस होता, सात घरं. प्यायलो ५ लिटर ८०० मिली, त्यात दोन लिटर लिंबूपाणी. लघवी २,१५० मिली. रंग पातळ सरबतासारखा. अडीचला अजून ३५० कमी आहे. सोडियम खाली आलं, पण मर्यादेच्या आत नाही, लोणचं सुटत नाहीये. सायट्रेट थोडं वर. डॉक्टर म्हणाले, पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी.

सगळ्यात जास्त फरक दुपारच्या चार तासांनी पडला असं मला वाटतं. पाणी वाढवण्यापेक्षा घाम कमी करणं सोपं गेलं. धंदा थोडा कमी झाला, खोटं बोलणार नाही. पण मार्चमध्ये तीन आठवडे बसलो होतो त्यापेक्षा पुष्कळ बरा.

ताकमेतकूट | १० जून, सकाळी ९:००

१,०५० वरून २,१५०! इटलीतच १९९६ साली पहिल्यांदा खडा झालेल्या १९९ जणांचा एक अभ्यास आला होता. त्यात अर्ध्यांना फक्त लघवी दोन लिटरच्या वर जाईल एवढं पाणी प्यायला सांगितलं, बाकी काही नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना परत खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. तुम्ही दोन लिटरची रेघ ओलांडलीत. लोणचं आठवड्यातून दोन वेळांवर आणा, लिंबाचं बिनमिठाचं करून देते मी कृती.

हिंगणा_शिफ्ट | १० जून, रात्री ११:४०

माझ्या कॅनमध्ये ८८० मिली निघाली. बोअरचं पाणी नाही, भट्टीच आहे. सुपरवायझरशी बोलून लाइनवर माठ ठेवून घेतला.

एसटीची_खिडकी | २ जुलै, रात्री ८:१५

शाळा उघडली. मी हा धागा छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला, माझा प्रतिसाद पेनाने खूण करून. लेखी अर्जही दिला. त्यांनी वाचला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावातला सुतार आला. आतून कडी आणि बाहेर एक बादली. आम्ही तिघींनी वर्गणी काढून नळाला पाइप लावून घेतला.

आज माझी पहिली बाटली चौथ्या तासाला संपली.

नंदाकाकू | २ जुलै, रात्री ८:४०

बाप्पा! दुसरी भी भरून ठेवजो पोरी.